सीक्वेलमध्ये जुन्याला सलाम किती आणि नवा धुरळा किती?

प्रश्न बराच लांब आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. विचारणाऱ्यांच्या कोल्हापुरातल्या ग्रुपने काही वर्षांपूर्वी अर्ध्या-पाऊण तासाची एक विज्ञानकथा फिल्म करून यूट्यूबवर टाकली. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी मोजणारे आप्पा आणि त्यांच्या खोलीतला एक जुनाट रेडिओ, एवढाच पसारा. रेडिओ उद्याची पातळी आज सांगतो, फक्त आकडा. आणि तो ऐकला की ऐकणाऱ्याच्या आयुष्यातला एक दिवस त्याच्या आठवणीतून कायमचा जातो. शेवटी आप्पांना आकडा अचूक कळतो, पण समोर उभी असलेली लेक ओळखू येत नाही. फिल्म गाजली. "गप बस, पाणी बोलतंय" हा आप्पांचा डायलॉग टी-शर्टवर आणि गाड्यांच्या मागे आला. आता मुंबईचा एक निर्माता थिएटरसाठी दुसरा भाग करायला तयार झालाय. त्याला जुना रेडिओ, जुना डायलॉग, जुने आप्पा असं सगळं हवंय, शिवाय मोठा पूर, हेलिकॉप्टर आणि दोन दणदणीत फाइट. आप्पांचं काम केलेले ज्येष्ठ नट आता हयात नाहीत. त्यांना एआयने उभं करू, असं निर्मात्याचं म्हणणं. तिकडे जुने चाहते कमेंटमध्ये बजावतायत, दुसरा भाग काढून पहिल्याची माती करू नका. तर जुन्याचा मान आणि आजच्या ब्लॉकबस्टरची गती यांचं प्रमाण किती ठेवायचं?

मी संकलक आहे. पटकथा माझ्याकडे येते तेव्हा ती शूट होऊन, तुकड्या-तुकड्यांनी आलेली असते. त्यामुळे माझं उत्तर एडिट टेबलावरून दिसतं तसं आहे, लेखक कदाचित वेगळं सांगेल.

प्रमाण काढायच्या नादाला लागू नका. पन्नास टक्के जुनं, पन्नास टक्के नवं असं ठरवून लिहिलेली पटकथा टाइमलाइनवर (संकलनाच्या पट्टीवर) आली की लगेच ओळखू येते. एक सीन जुन्या चाहत्यांसाठी, पुढचा नव्या पोरांसाठी, असे थर वेगवेगळे दिसतात आणि कितीही कापलं तरी एकजीव होत नाहीत. जुना चाहता फाइटच्या वेळी कंटाळतो, नवा पोरगा रेडिओच्या क्लोजअपला मोबाईल काढतो. थिएटरात शंभर टक्के पैसे भरून आलेल्या प्रत्येकाला अर्धाच सिनेमा मिळतो. तुमची खरी अडचण वेगळी आहे. पहिली फिल्म नेमकी कशामुळे लोकांना लागली, हे निर्मात्याला वस्तूंमध्ये दिसतंय आणि तुम्हाला ते अजून शब्दांत मांडता आलेलं नाही. ते मांडता आलं तर बाकी भांडण निम्मं होईल.

त्याआधी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथं बसून ठरवता येणार नाहीत. पहिली फिल्म किती जणांनी अखेरपर्यंत पाहिली, हे यूट्यूबच्या आकडेवारीत दिसतं, ते काढा. डायलॉग माहीत असणारे आणि फिल्म पाहिलेले यांत फार अंतर असतं. माझा अंदाज, तुमच्या बहुतेक प्रेक्षकांनी तो टी-शर्ट पाहिलाय, फिल्म नाही. शिवाय निर्मात्याकडे पैसे किती, सिनेमा आधी थिएटरला की थेट ओटीटीवर, पावसाळ्यात शूट करायची मुभा आहे का, यावर पुढचं बरंच फिरेल. आणि पहिल्या फिल्मचे हक्क कागदोपत्री कुणाच्या नावावर आहेत? याच्याकडे शेवटी येतो.

आता मुद्द्याचं. विज्ञानकथापटाचा जीव त्याच्या नियमात असतो. एक अशक्य गोष्ट मान्य करायची, मग तिच्याशी प्रामाणिक राहून परिणाम काय होतात ते बघायचं. जयंत नारळीकरांच्या कथा वाढत्या वयात वाचलेल्यांना हे वेगळं सांगायला नको (आणि ते जन्मले आपल्या कोल्हापुरात, 1938 साली, हे सांगायची संधी मी सोडत नसतो). तुमच्या पहिल्या भागाचा नियम लख्ख आहे: आकडा मिळतो, दिवस जातो. सलाम करायचा तो या नियमाला करा. रेडिओ, डायलॉग, खोलीतला पिवळा बल्ब हे सगळं त्याच्या मागोमाग आपसूक येईल. आणि धुरळाही त्याच नियमातून काढा. हेलिकॉप्टर बाहेरून आणलं तर ते कुठल्याही सिनेमातलं हेलिकॉप्टर दिसेल.

हे कसं होतं त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण 'एलियन' आणि 'एलियन्स'चं. रिडली स्कॉटचा 1979चा पहिला भाग म्हणजे भयपट. एक मालवाहू यान, सात माणसं, एकच प्राणी. जेम्स कॅमेरॉनने 1986 मध्ये दुसरा भाग केला तो सरळ युद्धपट. सैनिक, बंदुका, प्राण्यांची झुंड. कागदावर बघाल तर जुन्याचा पार चुराडा केला असं वाटेल. पण पहिल्या भागात त्या परक्या यानात हजारो अंडी दिसतात आणि ती घालतो कोण, हे कुणी विचारतच नाही. दुसऱ्या भागात नायिका रिप्ली हा प्रश्न मोठ्याने विचारते, आणि उत्तर म्हणून ती अवाढव्य राणी समोर येते. सिनेमातला सगळ्यात मोठा देखावा म्हणजे पहिल्या भागाने मोकळ्या सोडलेल्या प्रश्नाचं उत्तर. जुन्या चाहत्याला तो आपला हिशेब पुरा झाल्यासारखा वाटतो, पहिला भाग न पाहिलेला माणूस नुसता खुर्चीला खिळतो. एकाच शॉटमध्ये दोघांचं काम झालं. त्या शेवटच्या झुंजीत रिप्ली जे सामान उचलायचं यंत्र अंगावर चढवते, तेही आधी एका साध्या सीनमध्ये दाखवून ठेवलंय. मला काहीतरी काम द्या म्हणते, आणि यंत्र चालवून दाखवते.

संकलक म्हणून अजून एक गोष्ट सांगतो. त्या सिनेमात माणसांनी घालायचे प्राण्यांचे सूट मोजकेच होते. झुंड वाटते ती अंधार, धूर, अर्धवट दिसणारी शेपटी आणि कटिंग यांमुळे. संकलन रे लव्हजॉयचं. याच माणसाने आधी '2001: अ स्पेस ओडिसी' केला होता, म्हणजे जगातल्या सगळ्यात संथ विज्ञानपटांपैकी एक. गती म्हणजे भराभर कट मारणं असं समजणाऱ्या निर्मात्यांना मी हे हमखास ऐकवतो.

मग तुमच्या फिल्ममध्ये अंडी घालणारी राणी कोण? मी फिल्म पाहिली आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न राहिला: आप्पांचे गेलेले दिवस जातात कुठे? तुम्ही तो सोडून दिलात, बरं केलंत. दुसरा भाग तिथं सुरू होऊ शकतो. ते दिवस नाहीसे होत नसतील, दुसऱ्या कुणाला तरी मिळत असतील, तर? तुमच्या आराखड्यात रेडिओ ताब्यात घ्यायला आलेला कंपनीचा माणूस आहे. आत्ता तो नुसता सूट घातलेला खलनायक आहे. त्याच्याजवळ आप्पांचे दिवस असतील तर तो एकदम भारी होतो. आप्पांच्या लेकीची शाळेतली पहिली सायकल त्याला आठवते, तिच्या बापाला आठवत नव्हती. असंच करा असं माझं म्हणणं नाही. पण असला प्रश्न सापडल्याशिवाय लिहायला बसू नका.

आता त्या डायलॉगचं. तो घ्यायचाच, नाही घेतला तर लोक पैसे परत मागतील. प्रश्न एवढाच की कुणाच्या तोंडी आणि कधी. इथं दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा.

'टर्मिनेटर'च्या पहिल्या भागात (1984) भविष्यातून आलेला रक्षक सारा कॉनरला म्हणतो, जगायचं असेल तर माझ्याबरोबर चल. 1991च्या दुसऱ्या भागात सारा मनोरुग्णालयातून पळतेय, लिफ्टचं दार उघडतं आणि आतून बाहेर येतो तो आर्नोल्ड श्वार्झनेगर. पहिल्या भागात तिला मारायला आलेला हाच चेहरा. ती किंचाळत फरशीवर मागे सरकते. तो हात पुढे करतो आणि तेच वाक्य म्हणतो. वाचवणाऱ्याचं वाक्य मारणाऱ्याच्या तोंडी. पहिला भाग न पाहिलेल्याला हा सुटकेचा प्रसंग म्हणून पुरतो, पाहिलेल्याच्या अंगावर काटा येतो. वाक्य तेच, अर्थ उलटा, आणि त्या क्षणाला कथा पुढे जाते.

दुसरं उदाहरण 2024च्या 'एलियन: रोम्युलस'चं. सिनेमा मला एरवी आवडला, चाललाही चांगला. पण त्यात एक यंत्रमानव पात्र गोळ्या झाडताना 'एलियन्स'मधलं रिप्लीचं सगळ्यात गाजलेलं वाक्य म्हणतं. कथेचा काळ पहिल्या दोन भागांच्या मधला, म्हणजे ते वाक्य त्या जगात अजून कुणी उच्चारलेलंच नाही. मग ते कुणासाठी म्हटलं? थिएटरातल्या आपल्यासाठी. पात्र क्षणभर पात्र राहत नाही, लेखकाचा भोंगा होतं. अनेक चाहतेच त्यावर चिडले, ज्यांच्यासाठी ते घातलं होतं तेच.

तुमच्या फिल्ममध्ये आप्पा ते वाक्य लेकीला गप्प करायला म्हणतात. लहानपणभर तिने ते ऐकलंय. आता ती मोठी होऊन आपत्ती व्यवस्थापनाच्या कक्षात बसलीय, समोर तो कंपनीचा माणूस. ती काहीतरी बोलायला तोंड उघडते आणि तो सहज, आप्पांच्याच लकबीत म्हणतो, "गप बस, पाणी बोलतंय." हे याला कसं माहीत? तिच्या चेहऱ्यावर थांबा. नव्या प्रेक्षकाला एक उर्मट माणूस दिसेल आणि बाई एवढी का हादरली हे कुतूहल वाटेल. जुना प्रेक्षक ताठ बसेल. निर्मात्याला ट्रेलरसाठी शॉट मिळाला, तुम्हाला कथेचा सांधा मिळाला.

तो शॉट कापताना एक पथ्य पाळा. टाळ्या-शिट्ट्यांसाठी जागा सोडू नका. कोल्हापूरच्या थिएटरात पहिल्या दिवशी त्या येतातच, आपलं पब्लिक त्यात कमी नाही. पण संकलनात त्यासाठी दोन-तीन सेकंद रिकामी ठेवली, पात्राला उगाच थांबवलं, की ओटीटीवर एकट्याने बघणाऱ्याला तिथं खड्डा जाणवतो. वाक्य संपायच्या आत लेकीच्या चेहऱ्यावर या, शिट्टी तिथं वाजू दे.

आतापर्यंतचा मथितार्थ सांगायचा तर: नियम ओळखा, त्याने मोकळा सोडलेला प्रश्न शोधा, आणि जुनी गोष्ट परत आणाल तेव्हा तिचा अर्थ फिरवा. पण इथं एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. नुसतं जुनंच परत देऊनही पैसे मिळतात. 2015च्या 'स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स'मध्ये वाळवंटी ग्रह, गुपित घेऊन पळणारा छोटा रोबो, शेवटी उडवायचं ग्रहाएवढं शस्त्र असं 1977चंच बरंचसं सामान होतं, आणि त्याने जगभरात 200 कोटी डॉलरच्या वर धंदा केला. उलट 2017चा 'ब्लेड रनर 2049' जुन्याशी इतका इमानदार आणि इतका नवा की बघत राहावं, छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं, पण पावणेतीन तासांचा तो सिनेमा तिकीटबारीवर अपेक्षेपेक्षा खालीच राहिला. मग कशाला एवढा खटाटोप, असं निर्माता विचारेल. त्याला सांगा की 'स्टार वॉर्स'च्या मागे तीन पिढ्यांची आठवण होती. लोक ती भेटायलाच आले होते. आपल्या मागे एक यूट्यूब फिल्म आणि एक टी-शर्ट आहे. नुसत्या आठवणीवर थिएटर भरावं एवढी शिल्लक आपल्या खात्यात नाही.

'ज्युरासिक वर्ल्ड'ने (2015) यातला एक मधला मार्ग काढला, तो मला धूर्त वाटतो, चांगल्या अर्थाने. लोकांना डायनासोर बघून कंटाळा आलाय म्हणून पार्कवाले नवा, संकरित, जास्त भयंकर प्राणी बनवतात. म्हणजे सीक्वेलची अडचण हीच कथा. कंट्रोल रूममधला एक कर्मचारी जुन्या पार्कचा टी-शर्ट घालून येतो, त्यावरून त्याला टोकलं जातं. तुमच्याकडेही टी-शर्ट आहेच. पण ही गंमत एकदाच करा.

पुराबद्दल आता. निर्मात्याला मोठा पूर हवा, आणि व्हीएफएक्समध्ये (संगणकावर रचलेल्या दृश्यांत) पाणी हे फार महागडं काम. वाहतं, फुटणारं, माणसांना भिडणारं पाणी खरं वाटावं यासाठी वेळ आणि पैसा दोन्ही ओतावे लागतात. स्वस्तात केलं की जेली दिसते. 'टर्मिनेटर 2'मधला तो वितळणारा खलनायक आठवा. संगणकावर केलेले त्याचे शॉट अख्ख्या सिनेमात जेमतेम काही मिनिटांचे आहेत. पण कुठल्या क्षणी खर्च करायचा हे आधी ठरलं होतं, म्हणून आपल्याला तो सिनेमाभर तसाच आठवतो. अलीकडचं उदाहरण 'गॉडझिला मायनस वन' हा जपानी राक्षसपट, 2023. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच व्हीएफएक्सचे प्रमुख, 35 कलाकार, 610 शॉट, हॉलिवूडच्या मानाने किरकोळ पैसा, आणि व्हीएफएक्सचं ऑस्कर. 1954च्या मूळ सिनेमाला त्यांनी मान दिला तो काळात आणखी मागे जाऊन, महायुद्धात हरलेल्या जपानमध्ये कथा नेऊन. मूळ गॉडझिला जन्मला त्याच जखमेतून, त्यामुळे सलाम वरून चिकटवावा लागला नाही. जुनं संगीतही येतं, पण जिथं यायला हवं तिथंच.

तुम्ही पाणी कमी दाखवून पूर मोठा करू शकता, कारण तुमच्या नियमात ते आहे. कोल्हापूरच्या माणसाला राजाराम बंधाऱ्याचे आकडे तोंडपाठ असतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी उठलं की आधी मोबाईलवर फूट-इंच बघायचे. 2019 आणि 2021 ला पातळी 55 फुटांच्या पुढे गेली तेव्हा काय झालं, ते इथं कुणाला सांगावं लागत नाही. नागपूरच्या किंवा इंदूरच्या प्रेक्षकाला मात्र 43 म्हणजे नुसता आकडा आहे. त्याला पहिल्या दहा मिनिटांत शिकवा, भाषण न देता. एक म्हातारी भिंतीवर खडूने रेघ मारतेय, शेजारी मागच्या पुराची रेघ तिच्या डोक्याच्या वर. बास, एवढा एक शॉट.

मग मधला मोठा प्रसंग. समजा रेडिओचा आवाज चुकून, किंवा कुणीतरी मुद्दाम, अख्ख्या गावाच्या लाऊडस्पीकरवर गेला. एका रात्री सगळ्या शहराने आकडा ऐकला. सकाळी सगळ्या शहराचा एक दिवस गेलेला. आणि गेलेला दिवस कालचाच असेल तर? सुतारवाड्यातली माणसं अर्धं सामान भरलेल्या टेम्पोजवळ उभी आहेत आणि टेम्पो कशासाठी आणला हे कुणालाच आठवत नाही. चिखलीच्या रस्त्यावर म्हशी सोडून माणसं एकमेकांची तोंडं बघतायत. पोलीस बॅरिकेड काढून ठेवतोय, कारण ते कुणी लावलं त्याला माहीत नाही. पाणी चढतंय ते फक्त एका मोजपट्टीवर दिसतं. या सीनला व्हीएफएक्सचा फारसा खर्च नाही, हजारभर माणसं लागतील, आणि ती कोल्हापुरात फुकट येतात, फक्त जेवण नीट द्या. पट मोठा, भीती मोठी, आणि सगळं पहिल्या भागाच्या नियमातून आलेलं. निर्मात्याला हेलिकॉप्टर तरीही हवं असेल तर याच सीननंतर एकदा येऊ दे. वरून खाली बघणारा पायलट आणि त्याच्याकडे बघून कुणी हातसुद्धा हलवत नाही असं गाव. तेव्हा त्या हेलिकॉप्टरला कारण असेल.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला माहीत असलेली गोष्ट पुन्हा बघायचा कंटाळा नसतो, हे लक्षात घ्या. बाबूराव पेंटरांनी 1920 मध्ये याच गावात 'सैरंध्री' काढला. कीचक मरणार हे प्रत्येक प्रेक्षकाला घरातून निघतानाच माहीत होतं. तरी भीमाने केलेला कीचकवध पडद्यावर इतका खरा वाटला की सेन्सॉरला त्यात हात घालावा लागला. काय होणार हे ठाऊक असलेला माणूस कसं होणार ते बघायला येतो. तुमच्या जुन्या चाहत्याला नियम माहीत आहे, ही अडचण समजू नका.

आप्पांबद्दल. एआयने उभे करू नका, माझं स्पष्ट मत आहे. वारसांची लेखी संमती लागेल, वकिलाशी बोलावं लागेल, ते सगळं आहेच. पण समजा संमती मिळाली. 'रोम्युलस'मध्ये 2020 साली वारलेल्या इयन होमचा चेहरा कुटुंबाच्या परवानगीने परत आणला होता. तरी बघणाऱ्याचं लक्ष पात्राच्या बोलण्यावरून उडून ओठ नीट हलतायत का, याच्यावर जातं. मोठ्या पडद्यावर ते लपत नाही. जिव्हाळ्याचं पात्र गैरहजर ठेवूनही त्याचं वजन ठेवता येतं. 'कोई... मिल गया' (2003) मधला जादू हा परग्रहवासी पुढच्या 'क्रिश'मध्ये (2006) आणला असता तर पोरं नाचली असती. पण त्यांनी जादूने दिलेली ताकद पुढच्या पिढीत आणली आणि सिनेमाची जातच बदलून सुपरहिरो पट केला. तुमच्याकडे तर कथेतच सोय आहे. आप्पांचे दिवस दुसऱ्या माणसाला आठवतात, म्हणजे आप्पा त्या नटाच्या अभिनयात दिसतील: चष्मा पुसायची लकब, आकडा सांगायच्या आधीचा दम. जुन्या फिल्ममधले त्यांचे खरे शॉट वापरायचे असतील तर एखाद-दुसराच, तोही लेकीच्या आठवणीतला.

आणि आवाज. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जबर सलाम आवाजाचा असतो, त्याचा विचार कुणी करत नाही. पहिल्या भागात रेडिओ लागायच्या आधी एक खरखर येते, मग टक् असा बारीक आवाज, मग आकडा. तीच मूळ ध्वनिफीत शोधून काढा, नवी बनवू नका. दुसऱ्या भागात ती खरखर अनपेक्षित ठिकाणी येऊ दे, म्हणजे रिक्षाच्या स्पीकरमधून, नंतर लेकीच्या फोनवर. तिसऱ्या वेळी खरखर येऊन टक् व्हायच्या आत ती फोन बंद करते, आकडा ऐकायचा नाही म्हणून. तोपर्यंत पहिला भाग न पाहिलेल्यालाही ती खरखर काय करते हे कळलेलं असतं आणि थिएटरातला प्रत्येक जण श्वास धरतो.

चाहत्यांच्या कमेंटना किती घाबरायचं? कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, तेव्हा गावात प्रत्येकाच्या तोंडी एकच होतं, होतं तसंच उभं करा. शाहू महाराजांच्या काळातली वास्तू, पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली, लोकांचा जीव त्यात अडकलेला. पण जुनं वायरिंग परत बसवा असं कुणी म्हणालं नाही. तुमचे चाहतेही 'तसंच' म्हणतात तेव्हा त्यांना दगडी भिंत हवी असते. ती कुठली, ते कमेंटमधून शोधा. कोण काय मागतंय त्यापेक्षा पहिल्या फिल्ममधला कुठला क्षण लोक पुन्हा पुन्हा मिनिट-सेकंदासकट लिहितात, ते बघा. माझी पैज आहे की तो डायलॉग नसेल. लेक समोर उभी आहे आणि आप्पा तिला "कोण पाहुणं?" विचारतात, तो असेल.

रफ कट (पहिलं कच्चं संकलन) झाला की दोन वेगळ्या गटांना दाखवा, एकत्र नको. एका गटात पहिला भाग पाहिलेले, दुसऱ्यात नाव न ऐकलेले, शक्यतो कोल्हापूरबाहेरचे. एकत्र बसवले की चाहते हसतात म्हणून बाकीचे हसतात आणि तुम्हाला खोटा निकाल मिळतो. नंतर फॉर्म भरून घेण्यात फार अर्थ नाही, लोक चांगलं-चांगलं लिहितात. अंधारात बाजूला उभं राहून पडद्याकडे पाठ करा आणि चेहरे बघा. कुणाचा हात मोबाईलकडे गेला तो टाइमकोड, म्हणजे सिनेमातलं मिनिट-सेकंद, लिहून ठेवा. नव्या गटात ज्या ठिकाणी बरेच हात एकदम गेले, तिथं तुमचा एखादा सलाम नियमाला सोडून नुसता शोभेला बसलाय असं समजा. मी तो काढून पुन्हा बघतो. बहुतेक वेळा जुन्या गटालाही त्याची उणीव भासत नाही.

फाइटबद्दल फार लिहीत नाही. दोनाची एक करा, आणि तिच्यात कुणीतरी कुणाला तरी आकडा ऐकवायचा प्रयत्न करतोय आणि दुसरा कान झाकतोय, एवढं ठेवा. बाकी फाइट मास्टर बघून घेईल.

आता तो हक्कांचा कागद. यूट्यूबवर टाकलेली ग्रुपची फिल्म म्हणजे कथा एकाची, कॅमेरा दुसऱ्याचा, पैसे तिसऱ्याच्या काकांचे, असं असतं. तेव्हा कुणी काही लिहून घेतलेलं नसतं. निर्मात्याचा करार हातात घ्यायच्या आधी पहिल्या फिल्ममध्ये काम केलेल्या सगळ्यांकडून कथा, पात्रं, तो डायलॉग आणि रेडिओचा आवाज यांचे हक्क कुणाकडे, हे लेखी करून घ्या. आप्पांच्या घरच्यांनाही प्रत्यक्ष जाऊन भेटा, फोनवर नको. तो डायलॉग छापून टी-शर्ट विकणाऱ्याने तुमच्या आधी नावाची नोंदणी करून ठेवली असेल तर ते आत्ता कळलेलं बरं, पोस्टर छापल्यावर कळण्यापेक्षा. कराराच्या मसुद्यात "पुढील भागांतील पात्रांचे स्वरूप निर्माता ठरवेल" अशा छापाचं एक कलम हमखास असतं. ते वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, कारण एआयचे आप्पा तिथूनच आत येतात.